बत्तीस वर्षं लांबून पाहिलेल्या माणसाला रविवारी आत जाऊन भेटू का?

भांडुपकरीण

नमस्कार. इथे मी खूप वर्षं वाचते, लिहायची वेळ क्वचित येते. पण रविवार जवळ आलाय आणि घरात विचारून झालंय, म्हणून इथे विचारते.

येत्या रविवारी दुपारी ४ वाजता दादरला शिवाजी मंदिरात एका नाटकाचा प्रयोग आहे. त्यात मुख्य काम करणारे नट मला पंधराव्या वर्षापासून आवडतात. माझी मुलगी याला क्रश म्हणते आणि तिचा शब्द बरोबर आहे. शाळेच्या वहीत नाव लिहून खोडायचं, पेपरात फोटो आला की रद्दीत जायच्या आधी कापून घ्यायचा, ते सगळं मी केलंय. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की धागा त्यांच्या नाटकांकडे वळेल आणि माझं उत्तर राहून जाईल.

थोडं मागचं सांगावं लागेल. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. गिरणी त्यांच्यासाठी परत उघडलीच नाही. काही वर्षं मिळेल ते काम केलं, आणि १९८७ पासून ते शिवाजी मंदिरात डोअरकीपर होते. बाल्कनीचं डावं दार त्यांचं. तिकिटाचा तुकडा फाडून घ्यायचा आणि अंधार झाल्यावर येणाऱ्यांना बॅटरी जमिनीकडे धरून खुर्ची दाखवायची.

१९९३ च्या मार्चमध्ये, १२ तारखेला, समोरच प्लाझा सिनेमापाशी बॉम्ब फुटला. त्यानंतर बाबा कामाला निघाले तरी आई दारात उभी राहायची, मला दादरला पाठवणं तर लांबच. पण मे महिन्यात सुट्टी लागली आणि एका रविवारी बाबा मला घेऊन गेले. बाल्कनीत शेवटच्या रांगेशेजारी पायरीवर बसवलं. "हलायचं नाही, आवाज करायचा नाही." तिसरी घंटा झाली, दिवे गेले.

त्या नाटकात हे नट धाकटा मुलगा होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी वडील गेल्याची बातमी येते. घरातली माणसं आतबाहेर करत असतात, आणि हा मुलगा एकटाच दांडीवरून वडिलांचा शर्ट काढतो आणि त्याची घडी घालतो. एकही वाक्य नाही. आधी वरचं बटण लावायचा. मग बोट खाली यायचं, दुसऱ्या बटणाच्या जागी थांबायचं, आणि ते तसंच सोडून तिसरं लावायचा. मग बाह्या मागे, मग घडी. त्या थांबण्याच्या वेळी अख्ख्या थिएटरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. मला वाटायचं, हा मुलगा वडिलांना श्वास घ्यायला तेवढी जागा मोकळी ठेवतोय.

पुढच्या दोन वर्षांत त्या नाटकाचे सतरा प्रयोग मी त्याच पायरीवरून पाहिले. सतरा मोजलेले आहेत, वहीत तारखा आहेत.

आत जायचं मात्र नाही, हा बाबांचा नियम. खालच्या मजल्यावरचे लोक प्रयोग संपला की बिनधास्त मेकअप रूममध्ये जायचे, नटांशी बोलायचे. मी एकदाच हट्ट केला. बाबा म्हणाले, "ते कामावर आहेत आणि मीही कामावर आहे. कामावरच्या माणसाकडे आपली पोर घेऊन जायचं नसतं." परत मी विचारलं नाही. बाबा २०१९ मध्ये गेले.

आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. नवऱ्याला हे सगळं लग्नाआधीच सांगितलं होतं, तेव्हा त्याने फक्त "कुठल्या नाटकात?" एवढंच विचारलं होतं. या वेळी त्यानेच खिडकीवर जाऊन क रांगेतली दोन तिकिटं आणली आणि म्हणाला, यंदा आत जाऊन ये.

जाऊ का? आणि गेले तर काय बोलू? "मी तुमची खूप मोठी फॅन आहे" हे माझ्या तोंडातून निघणार नाही. त्यांनी घाईत "थँक्यू" म्हणून पाठ फिरवली तर मी घरी काय घेऊन येईन? आणि बाबांचा नियम मोडल्यासारखं होईल का? तुमच्यापैकी कुणी असं कुणाला भेटलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

विंगेतला

ताई, मी अकरा वर्षं बॅकस्टेजला काढलीत. आधी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, नंतर सेट. त्यामुळे मला माहीत आहे ते सांगतो.

मध्यंतरात जाऊ नका. त्या वेळात नटाला कपडे बदलायचे असतात, चहा घ्यायचा असतो, आणि पुढच्या अंकाची पहिली वाक्यं डोक्यात असतात. तेव्हा तो तुमच्याकडे बघेल, पण तुम्ही त्याला दिसणार नाही.

प्रयोग संपल्यावरही लगेच नको. पडदा पडला की पहिली दहा मिनिटं माणूस स्वतःचा नसतो. घाम असतो, दिव्यांची धग अंगात असते, आज कुठे काय राहिलं ते मनात चाललेलं असतं. थोडं थांबा. बाजूच्या दाराशी नाटकाचा सूत्रधार किंवा व्यवस्थापक असतो, त्याला सांगा की दोन मिनिटं भेटायचंय. पण फार उशीरही करू नका. रविवारी ४ च्या प्रयोगानंतर रात्री दुसऱ्याच नाटकाचा प्रयोग असतो. आधीचा सेट उतरवून टेम्पोत भरायचा, नवा लावायचा, त्याचे दिवे बांधायचे. त्या गडबडीत पॅसेजमध्ये उभ्या माणसाला सोफ्याचा कोपरा लागतो.

बुके नेऊ नका. ठेवायला जागा नसते, शेवटी तो आमच्याच हातात येतो.

काय बोलायचं, तर एक जागा सांगा. "काम छान झालं" हे वाक्य त्यांनी दिवसभरात चाळीस जणांकडून ऐकलेलं असतं. पण "दुसऱ्या अंकात तुम्ही पेला उचलून परत ठेवलात" असं कुणी म्हणालं की नट हातातलं काम थांबवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्याकडे तर शर्टाची जागा आहे. तेवढीच सांगा, मागचं पुढचं काही लागत नाही.

आणि बाबांचं. ते बरोबरच बोलले होते, त्यांच्या जागी मीही तेच बोललो असतो. पण तो नियम कामावरच्या माणसाचा होता. रविवारी तुम्ही कामावर नाही. तुमच्याकडे क रांगेचं तिकीट आहे.

निळाई

मी उलट सांगणार आहे, राग मानू नका.

२०११ साली माझ्या घराजवळच्या एका मॉलमध्ये एका दुकानाचं उद्घाटन होतं आणि मला ज्याच्यासाठी कॉलेजभर वेड होतं तो नट येणार होता. माझ्या कपाटाच्या दाराला आतून त्याचा फोटो होता. दार उघडलं की तो आणि शेजारी देवीचा कॅलेंडरवरचा फोटो. सकाळी दहाला जाऊन उभी राहिले, तो दीडला आला. दोरीच्या पलीकडून माझी वही घेतली, सही केली, वही परत दिली, आणि या पूर्ण वेळात त्याने मान वर केली नाही. फोनवर कुणाशी तरी बोलत होता. माझं नाव विचारलं नाही म्हणून वाईट वाटलं नाही. त्या वहीच्या मागे हात आहे, हात कुणाचा तरी आहे, हे त्याला दिसलं नाही याचं वाटलं.

घरी येऊन फोटो काढला. चिकटपट्टीचे चार डाग अजून त्या दारावर आहेत.

तुमच्याकडे सतरा प्रयोगांचं इतकं स्वच्छ काहीतरी आहे. ते पाच मिनिटांच्या हवाली करू नका असं मला मनापासून वाटतं. क रांगेतून बघा, भरपूर टाळ्या वाजवा, घरी या.

नॉर्थ_स्टँड

मी नाटकातला नाही, क्रिकेटमधला. पण धागा वाचून राहवलं नाही.

१६ नोव्हेंबर २०१३, वानखेडे. सचिनची दोनशेवी आणि शेवटची कसोटी, वेस्ट इंडीज तिसऱ्याच दिवशी संपले. भाषण झालं, फेरी झाली, आणि मग तो एकटा खेळपट्टीपर्यंत गेला, वाकला, मातीला हात लावून नमस्कार केला. मी शंभर एक पावलांवर होतो. शेजारी बसलेले अनोळखी काका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते आणि मी त्यांच्या डोक्यावर. माझ्यापुरती ती भेट झाली. त्याहून जवळ जायची इच्छा मला पुन्हा झाली नाही.

पण माझी धाकटी बहीण वेगळी. ती २ नोव्हेंबरला तीनदा बँडस्टँडला मन्नतच्या बाहेर उभी राहिली आहे, शाहरुखच्या वाढदिवसाला. गर्दी किती असते ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्यांदा घरी आली तेव्हा म्हणाली, "दादा, आज मी त्यांना दिसले." इतक्या लोकांत तू कशी दिसलीस, असं मी तिला विचारलं नाही. तिचा चेहरा पाहून विचारता आलं नसतं.

त्यामुळे तुम्हाला बघायचंय की दिसायचंय, हे आधी ठरवा. दिसायचं असेल तर जावंच लागेल.

मुगभाटातली

अगं पोरी, जा. मी एकाहत्तर वर्षांची आहे, माझं ऐक.

आमच्या वेळी काशिनाथ घाणेकर होते. नाटकात नटांची नावं सांगताना त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी यायचं, आणि त्याच्या आधी नुसतं "आणि" म्हटलं की शिट्ट्या सुरू. 'अश्रूंची झाली फुले'मधला त्यांचा लाल्या बघायला आम्ही गिरगावातल्या तीन मैत्रिणी जिथे प्रयोग असेल तिथे जायचो. पेशाने दातांचे डॉक्टर, म्हणून आमच्यातली एक तर दात दुखत नसताना दाढ दुखते म्हणायची. मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. एका प्रयोगानंतर त्या दोघी आत गेल्या. मी पॅसेजच्या तोंडाशी थांबले. घरी कळलं तर काय, साडी चुरगळली आहे, असं काहीबाही मनात आलं आणि मी म्हटलं, पुढच्या वेळी. मैत्रिणी बाहेर आल्या, दोघींचे गाल लाल. मी त्यांच्याकडून सगळं पुन्हा पुन्हा ऐकलं, अगदी आवाज जवळून कसा लागतो इथपर्यंत.

पुढची वेळ आली नाही. लग्न झालं, नागपूरला गेले, मुलं झाली. १९८६ च्या मार्चमध्ये ते अमरावतीला दौऱ्यावर असताना गेले. नागपूर-अमरावती किती लांब आहे, तूच बघ. त्या दौऱ्याची जाहिरात मी वाचली होती आणि मुलाची परीक्षा म्हणून गेले नव्हते.

निळाई, तुझं दुःख मला कळतं बाळा. पण तुझ्याकडे निदान चार डाग तरी आहेत.

भांडुपकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. निळाई, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. तुमची वही आणि ती वर न झालेली मान मला जाताना आठवणार आहे. मुगभाटातली आजी, तुमचं वाचून मी लॅबमध्ये उठून बाहेर जाऊन आले.

विंगेतला, तुमचं ते शेवटचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, तिकिटं पाकिटातून काढून देवाजवळ ठेवली.

जाते. सोमवारी लिहीन.

भांडुपकरीण

गेले होते. लॅबमधून आल्यावर लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

भांडुपहून दीडची स्लो पकडली. दादरला उतरून फुलबाजारातून गेलो, तिथे सोनचाफा दिसला. बुके नको म्हणाला होतात, पण चाफ्याची चार फुलं पानात बांधून घेतली आणि पर्समध्ये वरच ठेवली.

प्रयोगाबद्दल एवढंच सांगते की क रांगेतून मला पहिल्यांदा त्यांच्या पायांचा आवाज ऐकू आला. बाल्कनीत तो कधी पोचायचा नाही. बत्तीस वर्षं मी त्यांना वरून पाहिलंय, त्यामुळे त्यांचा भांग, खांदे, हातांची मागची बाजू मला पाठ आहे. समोरून हनुवटी बघताना थोडा वेळ वेगळ्याच माणसाला बघतेय असं वाटलं. मग ते बोलताना उजवीकडे वळले आणि खांदा तोच होता.

पडदा पडला. आम्ही जागेवरच दहा मिनिटं बसलो, नवऱ्याने घड्याळ लावलं होतं. मग बाजूच्या दाराशी गेलो. सूत्रधारांना सांगितलं. ते म्हणाले, "कपडे बदलतायत, इथेच थांबा." तिथे अजून सातआठ जण होते. आमच्या मधून दोन मुलं सेटची खिडकी घेऊन गेली, चौकटीसकट, पडद्यासकट. तेलाचा, पावडरीचा आणि चहाचा एकत्र वास येत होता. माझे कान इतके गरम झाले होते की मी बोटं लावून बघितली. नवऱ्याने विचारलं पाणी हवंय का, मला "नको" म्हणता येईना. नुसती मान हलवली.

आत गेले तेव्हा ते आरशासमोर होते. बनियन, खांद्यावर टॉवेल, हातावर खोबरेल तेल. चेहरा पुसून झाला होता, पण डाव्या कानामागे रंगाची एक रेघ राहिली होती. चष्मा कपाळावर सरकवलेला. ते उठून उभे राहिले. कुणीतरी बाई आत आली म्हणून उठले, एवढंच ते असेल, पण मला ते फार वाटलं. "या, बसा," म्हणाले. बसायला काही नव्हतं, तर स्वतःच पायाने एक पत्र्याची पेटी पुढे ओढली.

मी चार वाक्यं पाठ करून गेले होते. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "बाल्कनीच्या पायरीवरून मी तुमचे सतरा प्रयोग पाहिलेत."

"पायरीवरून का?"

"बाबा इथे डोअरकीपर होते."

टॉवेल खाली आला. "कुठलं दार?"

"बाल्कनीचं डावं."

ते थोडं आठवत राहिले. मग म्हणाले, "मग मी त्यांना पाहिलेलं नसणार. बाल्कनीचं दार आम्हाला स्टेजवरून दिसत नाही." आठवतात हो, चांगले गृहस्थ होते, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. तसं ते म्हणाले नाहीत. माझ्या मनात त्या क्षणी ते होते त्याहून मोठे झाले.

मग मी शर्टाचं सांगितलं. ते नाटक त्यांना आठवलं, त्यातली मोठी भाषणं आठवली, पण घडी आठवेना. "मी शर्टाची घडी घालायचो? तिथे?" बाजूला खुंटीवर नुकताच काढलेला त्या दिवसाच्या प्रयोगातला शर्ट होता. तो त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. "दाखवा बरं."

तो शर्ट पाठीकडे ओला होता आणि अजून गरम होता. मला एवढंच आधी कळलं, बाकी सगळं नंतर. हात थरथरत होते, पण घडी चुकणं शक्य नव्हतं, ती मी गेली तीस वर्षं घरच्या प्रत्येक शर्टाला घालतेय. वरचं बटण लावलं. बोट खाली आणलं, थांबले. तिसरं लावलं. बाह्या मागे.

त्यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला, बटणं सोडली आणि स्वतः सुरू केलं. पहिल्यांदा बघून बघून. वरचं बटण लागलं, आणि मग त्यांचं बोट दुसऱ्या बटणाच्या जागी आलं आणि आपोआप थांबलं. मी एका हाताच्या अंतरावर उभी होते. मधल्या बोटाच्या नखात तपकिरी रंग होता. ते बोट तिथे तेवढाच वेळ थांबलं जेवढा वेळ ते १९९३ मध्ये थांबायचं. मी मनात मोजत होते, मला तो वेळ माहीत आहे.

आणि ते एकदम हसले. "दुसरं बटण तुटलेलं होतं हो त्या शर्टाचं!"

श्वासाला जागा ठेवण्याचं जे मी इतकी वर्षं धरून होते, ते हे. निळाई, त्या क्षणी मला तुमची आठवण आली. मी वाट बघितली की आता आत काहीतरी तुटेल. तुटलं नाही. मी म्हटलं, "पण तुम्ही थांबायचात. बटण नसेल, पण बोट दर वेळी तिथे जायचं."

"दर वेळी?"

"सतराही वेळा."

ते हातातल्या शर्टाकडे बघत राहिले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "यांच्याकडे माझं सामान राहिलं होतं बघा." नवऱ्याने तेवढ्यात एक फोटो काढला. त्यात आम्ही दोघंही शर्टाकडे बघतोय, कॅमेऱ्याकडे कुणीच नाही. माझा चेहरा त्यात कसा आहे ते मुलीने रात्री झूम करून मला दाखवलं. मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं.

बाहेरून हाक आली की मेकअप रूम रिकामी करा, रात्रीच्या नाटकाची माणसं आली. निघताना मी वाकून नमस्कार केला, ते "अहो नको" म्हणाले, आणि मग माझं नाव विचारलं. माझं सांगितल्यावर म्हणाले, "आणि वडिलांचं?" मी सांगितलं. त्यांनी ते पूर्ण नाव एकदा उच्चारलं, आडनावासकट, अगदी स्वच्छ, स्टेजवर उच्चारतात तसं.

लोकलमध्ये बसल्यावर पर्स उघडली तर चाफा तसाच होता. द्यायचा राहिला. घरी येऊन बाबांच्या फोटोला घातला.

मुगभाटातली

पोरी, सगळं वाचलं. नातीकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं, कारण चष्मा सारखा पुसावा लागत होता. आवाज जवळून कसा लागतो ते लिहिलं नाहीस. ते लिही.

भांडुपकरीण

आजी, लांबून वाटतो त्यापेक्षा हळू. शेवटचं अक्षर लांबून कधी ऐकू यायचं नाही, ते जवळून येतं.

निळाई

मी चुकले असं म्हणत नाही, पण तुम्ही गेलात हे फार बरं झालं. "यांच्याकडे माझं सामान राहिलं होतं" हे वाक्य आज दिवसभर माझ्याबरोबर आहे.

विंगेतला

ताई, एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती तुम्हाला कळायला हवी.

कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाच्या पेटीत सुईदोरा आणि बटणांची डबी कायम असते. प्रयोग संपला की तो प्रत्येक कपडा हातात घेऊन बघतो. उसवलेली शिवण, निघालेला हूक, तुटलेलं बटण, सगळं पुढच्या प्रयोगाच्या आत लावून होतं. नाही झालं तर त्याला बोलणी बसतात. दोन वर्षं चाललेल्या नाटकात एका शर्टाचं बटण सतरा प्रयोग तुटलेलं राहत नाही. ते राहिलं, म्हणजे कपडेपटवाल्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की याला बटण लावू नकोस. असं सांगायचा हक्क फक्त तो शर्ट हातात घेणाऱ्या नटाला असतो.

त्यांना आता ते आठवत नसेल.